लाल पट्टीची सिगार

१२ जानेवारी

बियाणे कंपनीच्या माणसाने दरवर्षीप्रमाणे डायरी दिली. दरवर्षी ती माझा मास्तर मुलगा अमर शाळेत घेऊन जातो. यंदा मी ती गल्ल्याखाली दडवली, कारण मला एक गोष्ट कुठेतरी बोलायची आहे आणि अख्ख्या आदिलाबादेत ती ऐकवावी असा एकही माणूस मला सापडत नाही.

माझं नाक गेलं आहे.

म्हणजे चेहऱ्यावर आहे, चांगलं ठसठशीत आहे. पण डिसेंबरच्या कडाक्यात आठवडाभर ताप आला होता, तो जाताना वास घेऊन गेला. तोंडाची चव अर्धीमुर्धी शिल्लक आहे. गोड, कडू, खारट एवढं कळतं. वासाच्या नावाने शून्य. उदबत्ती, फोडणी, गटार, सगळं सारखंच.

दुसऱ्या कोणाचं गेलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. पण मी उत्तमराव तंबाखूवाला. वडिलांनी हे दुकान टाकलं, मी ते नाकावर चालवलं. कापूस बाजारातल्या हमालापासून कलेक्टर कचेरीतल्या पेशकारापर्यंत कोणीही नवी तंबाखू, नवी विडी, तंबाखूच्याच पानात वळलेला नवा चुट्टा घेतला की आधी माझ्यासमोर धरतो. मी हुंगतो, एक झुरका घेतो आणि शब्द देतो. त्या शब्दावर लोक माल घेतात नाहीतर टाकून देतात. माझ्याहून मोठी दुकानं इथे आहेत, पण गर्दी माझ्याकडे असते ती या नाकासाठी.

महिनाभर मी हुंगण्याचं सोंग करतो आहे. पान बोटांनी चुरडतो, कानाजवळ नेऊन त्याची करकर ऐकतो, राखेचा रंग पाहतो आणि मान डोलवतो. अजून कोणाला कळलेलं नाही. कळलं तर दुकानाला कुलूपच.

१९ जानेवारी

यवतमाळला जाऊन नाकाच्या डॉक्टरला दाखवलं. घरी सांगितलं, माल पाहायला चाललो. इथे गेलो असतो तर कंपाउंडरने संध्याकाळच्या आत गावभर केलं असतं.

डॉक्टर पोरगेला होता. एकेक बाटली नाकाशी धरत गेला. काही नाही. मग एक बाटली धरली आणि नाकात अशी सणक गेली की डोळ्यांत पाणी. मी ओरडलोच, "आला! वास आला!" तो मान हलवून म्हणाला, "काका, हा वास नाही, हे झोंबणं. वास गेलेल्या माणसालाही झोंबतं. मिरचीचा ठसका बसतो ना, तसं." मला ते काही पटलं नाही. नाकात गेलं, नाकाला कळलं, मग तो वास नाही तर काय? पण वाद घातला नाही. वास परत येईल का विचारलं, तर म्हणे येईल किंवा येणारही नाही. एवढं सांगायला इतकी वर्षं शिकावं लागतं! रोज लवंग, लिंबू, नीलगिरी हुंगायला सांगितलं आहे. लवंगांची डबी गल्ल्यात ठेवली.

२ फेब्रुवारी

लवंग हुंगून हुंगून नाक लाल झालं, बाकी काही नाही.

घरात संशय येऊ नये म्हणून मी अधूनमधून वासाचं काहीतरी बोलत असतो. आज संध्याकाळी रुख्मिणी बाजारातून आली तर केसांत अबोलीचा गजरा. मी संधी सोडली नाही. म्हटलं, "वा! काय घमघमाट सुटून राह्यला गजऱ्याचा!"

ती हातातली पिशवी खाली ठेवायची विसरली आणि माझ्याकडे पाहतच राहिली. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिच्या फुलांबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, त्यामुळे लाजली असावी. जेवताना तिने न मागता दोनदा वाढलं आणि एक शब्द बोलली नाही. जमलं म्हणायचं.

१० फेब्रुवारी

रुख्मिणीला काय झालंय कळत नाही. मुळात ही कमी बोलणारी बाई. पण गेल्या आठवड्यापासून तोंडाला विसावा नाही. "अवो, शेजारी मेथीले फोडणी पडली." "आज नळाच्या पाण्याले माती-माती वास येऊन राह्यला, गाळून घ्या." "तुमच्या सदऱ्याले घामाचा वास येते, दुसरा घाला." सकाळी पूजेला बसलो तर म्हणते, "चंदनाची उदबत्ती लावली बरं का. केवड्याची सरली."

काल ती मागे अंगणात कपडे वाळत घालत होती आणि मी स्वयंपाकघरात पेपर वाचत होतो. तिकडून ओरडली, "दूध करपून राह्यलं, बंद करा!" पाहतो तर खरंच पातेल्याचं बूड काळं. तिला अंगणातून कळलं आणि मला हाताच्या अंतरावरून नाही. वाटलं, आता पकडलो गेलो. पण नशीब, ती आत येऊन एवढंच म्हणाली, "पेपरात डोकं घातलं का तुमाले दुनियेचं काही कळत नाही."

वय झालं की काही बायका बडबड्या होतात म्हणे. माझ्या मागे आधीच एक दुखणं, त्यात ही भर.

६ मार्च

हैदराबादहून मुनव्वर साहेब आले. जुने व्यापारी, गोड बोलणारे, कानात कायम अत्तराचा फाया. एके काळी चुट्ट्याचं पान मी त्यांच्याकडूनच घेत असे. आता त्यांनी स्वतः सिगार वळवून घ्यायला सुरुवात केली आहे. सोबत लाकडी पेटी आणली होती. आत बोटापेक्षा जाड, तपकिरी सिगारी, प्रत्येकीला लाल कागदाची पट्टी. चुट्टा मी लहानपणापासून पाहतोय, पण हा माल आमच्या बाजाराला नवा आहे आणि खरं सांगायचं तर मलाही.

त्यांचं म्हणणं, आदिलाबाद, निर्मल आणि आसिफाबाद, तिन्हीकडची एजन्सी अमरला देतो. अट एकच. "उत्तमराव, पहले आप चखो. आप अच्छा बोले तो इधर का पूरा बाज़ार अच्छा बोलता. आप नक्को बोले तो मैं पेटी उठाके चला जाता."

अमर त्यांच्यासमोर हात बांधून उभा होता, पण डोळे लकाकत होते. एका खाजगी शाळेत तो गणित शिकवतो, जीव तोडून शिकवतो आणि दरवर्षी पुढच्या वर्षाच्या काळजीत असतो. सून प्रियदर्शनी पहिल्या बाळंतपणाला किनवटला माहेरी गेली आहे. साहेब गेल्यावर तो म्हणाला, "बाबा, तुमी हो म्हटलं का मी शाळा सोडतो. तुमच्या नाकावर मले शाळेपेक्षा जास्त भरवसा आहे."

मी लवंगांची डबी उघडली आणि बंद केली. पोराची नोकरी, येणारं लेकरू, सगळं या मेलेल्या नाकावर येऊन बसलं आहे.

७ मार्च

सिगार ओढून पाहिली. दुपारी, दुकानात कोणी नसताना.

हाताला वजनदार. दाबली तर किंचित दबते आणि परत फुगते, म्हणजे आतली पानं नीट ओळीत आहेत, चुरा भरलेला नाही. वरचं पान तेलकट, शिरा बारीक. टोक कापलं, काडी लांबूनच फिरवत पेटवली; चुट्ट्यासारखी ज्योतीत खुपसली नाही, इतकं मला कळतं. राख पांढरट आली आणि कितीतरी वेळ पडली नाही. जिभेवर आधी किंचित गोड, मग कडवट, कच्च्या बदामासारखं. धूर दाट. गिळायचा नसतो, तोंडात फिरवून सोडायचा.

इथपर्यंत मी कोणाच्याही तोडीस तोड आहे. पण सिगारची खरी गंमत धूर नाकाशी येतो तिथे असते, आणि तिथे माझ्याकडे काहीही नव्हतं. उत्तम असेल. उकिरड्याचा वासही येत असेल. मला कसं कळणार?

दुकान आणि घर यांच्यामधल्या पडद्याआडून रुख्मिणी म्हणाली, "आजच्या धुराले गुळाच्या पाकावानी वास येऊन राह्यला. तुमच्या नेहमीच्या घाणीपेक्षा बरा." तिला तंबाखूचा तिटकारा आहे, तेव्हा तिच्या मताला या धंद्यात किंमत नाही. तरी का कोण जाणे, मी ते लिहून ठेवतो आहे.

अमर शाळेतून येताच दारातूनच, "काय म्हणता?" मी म्हटलं, "सिगार घाईनं पाहाची नसते." तो हिरमुसला, पण ऐकलं.

११ मार्च

आज बाजाराचा दिवस. मी एक युक्ती काढली. स्वतःचं नाक नाही तर दुसऱ्याचं उसनं घ्यावं.

नार्नूरच्या बयनाबाई दर बाजाराला वांगी घेऊन येतात आणि परतताना माझ्याकडून चुट्टे नेतात. सत्तरीच्या, पण झुरका असा मारतात की पाहत राहावं. त्यांना एक सिगार पेटवून दिली. "सांगा बाई, कशी हाय?" त्यांनी दोन झुरके घेतले, डोळे मिटले आणि उलट मलाच विचारलं, "तुमाले कशी वाटली, सेठ?"

मी चाचपत म्हटलं, "जराशी कडक वाटते."

"कडकच हाय," त्या म्हणाल्या. "मी तेच म्हणणार होते."

पुढे कापसाच्या जिनिंगचे मुकादम जीवनराव आले. मनात पाल चुकचुकत होती म्हणून त्यांना सिगार देताना मुद्दाम म्हटलं, "पाहा बरं, मवाळ हाय ना?" त्यांनी झुरका घेतला, मान डोलावली. "एकदम मवाळ, उत्तमराव. तुमचं नाक म्हंजे नाक!"

एकाच पेटीतली सिगार. एकीला कडक, एकाला मवाळ. मी ज्याला जे म्हटलं ते त्याला लागलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, हे लोक माझा शब्द ऐकून मग चव घेतात. आज कळलं, चव कोणी घेतच नाही. सगळे माझा शब्दच ओढतात. हे कळल्यावर खरंतर धीर यायला हवा होता. पण उलट भीतीच वाटली. मी चुकलो तर मला अडवणारा या बाजारात कोणी नाही.

२५ मार्च

मुनव्वर साहेबांचा फोन. मी सांगितलं, नमुना बरा आहे, पण विकायचा माल तयार होऊ द्या, तो पाहून शेवटचा शब्द देईन. ते म्हणाले, अठरा एप्रिलला येतो, पेटी आदल्या दिवशी बसने पाठवतो. तेवढी मुदत मिळाली. मुदत कशासाठी, तर नाक परत येण्यासाठी. रोज लवंग, रोज लिंबू. रुख्मिणी विचारत नाही की दुकानात लिंबं कशाला लागतात. उलट परवा टोपलीतली दोन रसरशीत लिंबं स्वतःच गल्ल्याजवळ ठेवून गेली.

४ एप्रिल

आज अमरला सगळं सांगायचं ठरवलं होतं. जेवण झाल्यावर त्याला बाहेर ओट्यावर बोलावलं. म्हटलं, "अमर, एक गोष्ट आहे."

तो म्हणाला, "मलेबी एक सांगायची आहे." शाळेने पुढच्या वर्षासाठी कोण राहणार, कोण जाणार ते लेखी मागितलं आहे. वीस तारखेपर्यंत. राजीनामा त्याने मनात तयार केला आहे, फक्त माझ्या शब्दाची वाट. मग म्हणाला, "बाबा, शाळेत कोणी विचारलं ना, मी सांगतो, माह्या वडिलाच्या नाकाले हैदराबादचे व्यापारी मानतात." आणि पोरासारखा हसला.

मग मला विचारलं, "तुमी काय सांगत होते?"

मी म्हटलं, ओट्याची फरशी निघाली आहे, गवंडी पाहायला पाहिजे.

लाज वाटते लिहायला. पण तो हसला नसता तर कदाचित बोललो असतो.

१२ एप्रिल

रुख्मिणीने आज विचारलं, "ते हैदराबादचे साहेब कधी येऊन राह्यले?" अठराला म्हटलं. "कुठं बसतीन? दुकानात का घरात?" दुकानात म्हटलं. "मंग चहा मी आणून देईन." मी म्हटलं, काही गरज नाही, हॉटेलातून मागवतो. परक्या माणसांसमोर ती दुकानात कधी येत नाही, मधला पडदा ओलांडत नाही. आता हे काय नवीन? ती म्हणाली, "येईन म्हटलं नं." आणि भाकरी थापायला लागली.

१७ एप्रिल

आला! वास आला!

दुपारी बसने पेटी आली. दुकानाचं अर्धं दार लावून घेतलं. खिळे काढून झाकण उचललं, एक सिगार नाकाशी नेली आणि नाकात सरसरून काहीतरी गेलं. मी दचकून सिगार दूर केली, परत जवळ आणली. परत तेच! नाकाच्या आत, थेट कपाळापर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं. ते वासाचं होतं की आनंदाचं, कोण जाणे. पेटवली तर आणखी जास्त. चार महिन्यांनी माझं नाक जिवंत झालं! मी गल्ल्यावर डोकं टेकून रडलो, हे इथे लिहायला हरकत नाही.

याचा अर्थ साधा आहे. या सिगारीत एवढी ताकद आहे की तिने मेलेलं नाक उठवलं. याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं? उद्या मुनव्वर साहेबांसमोर सोंग करायची गरज नाही. छातीठोकपणे शब्द देईन. अमरला काही सांगायची गरजही उरली नाही. न सांगितलं तेच बरं झालं. संध्याकाळी त्याला म्हटलं, "लिही तुह्या शाळेचं." तो खोलीत जाऊन लिहीत बसला आहे.

जेवताना रुख्मिणीने आपलं सुरू केलं. "दुपारपासून दुकानाकडून गोठ्यावानी वास येऊन राह्यला." मी म्हटलं, पलीकडच्या गल्लीतली म्हैस असेल. "म्हशीचा नाही. दुकानातून येते." मी हसलो. आता तिच्या बडबडीचा रागसुद्धा येत नाही. माझं नाक मला मिळालं.

१८ एप्रिल

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर मलाच उद्या खरं वाटायचं नाही.

मुनव्वर साहेब सकाळी आले. अमर शाळेला सुट्टी टाकून थांबला होता, नवा सदरा, खिशात राजीनामा. मी पेटी मधे ठेवली. तिघांनी तीन सिगारी पेटवल्या. पहिल्याच झुरक्याला नाकात तीच सणक. मी डोळे मिटले. फार बरं वाटत होतं. डोळे उघडले तेव्हा अमरने तोंड वाकडं केलं होतं. माझा चेहरा पाहिला आणि लगेच म्हणाला, "मस्त आहे ना, बाबा?" पोराला सवय नाही, मी मनात म्हटलं. साहेबांनी सिगार नुसती हातात धरली होती. ओढत नव्हते. माझ्याकडे पाहत होते.

"बोलो उत्तमराव. मुहर लगाओ."

तेवढ्यात पडदा सरकला आणि रुख्मिणी चहाचा ट्रे घेऊन दुकानात आली. डोक्यावर पदर, मान खाली. साहेब आदराने उठून उभे राहिले. "सलाम भाभीजान," म्हणाले आणि पुढे काय बोलावं न सुचून कानातला फाया काढून माझ्यापुढे धरला. "नया इत्र है, देखो, खस का."

मी फाया नाकाशी नेला. काहीच नाही. आणखी जवळ नेला. खस, म्हणजे वाळा, उन्हाळ्यात अख्खी खोली भरून टाकतो. काहीच नाही. आणि दुसऱ्या हातातली सिगार नाक जाळत होती.

मला यवतमाळचा तो पोरगेला डॉक्टर आठवला. हा वास नाही, हे झोंबणं.

रुख्मिणी कप ठेवत होती. खालीच पाहत, नेहमीच्या स्वरात, जशी करपलेल्या दुधाचं किंवा उदबत्तीचं सांगते तशी ती म्हणाली, "अवो, या सिगारीले गोठ्यातल्या मुताचा वास येऊन राह्यला. मागच्या बारीले गुळाचा होता. ते पान कच्चं असन."

मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. चंदनाची उदबत्ती, मेथीची फोडणी, नळाचं पाणी, घामाचा सदरा, दूध, लिंबं, सगळं त्या पाहण्यात होतं. ही बाई दोन-अडीच महिने बडबड करत नव्हती. मला नाक पुरवत होती.

साहेबांना आमची बोली नीट कळत नाही. अमर आईकडे बावचळून पाहत होता. मी सिगार विझवली.

"मुनव्वर साहेब," मी म्हटलं, "माल कच्चा है. पत्ता पका नहीं. जानवर के गोठे की बू है इसमें. मैं हाँ नहीं बोल सकता."

अमरचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

साहेबांनी आपली सिगार विझवली. मग पेटीचं झाकण लावलं. "सही बोले. नमूना पुराने पत्ते का था. ये जल्दी में बनवाया, पत्ते को सोने नहीं दिया. मैं सोचा, आप हाँ बोल दिए तो बाज़ार भी हाँ बोल देगा." मग खाली पाहून, "बरसात के बाद फिर आऊँगा. पक्का माल लेके. आपकी नाक के क्या कहने, उत्तमराव."

हे वाक्य ऐकायला मी चार महिने जिवाचं रान केलं होतं. आज ते ऐकून जमिनीत शिरावंसं वाटलं.

१९ एप्रिल

सकाळी अमरला सांगितलं. ओट्यावर नाही, स्वयंपाकघरात, त्याच्या आईसमोर. तापापासून सगळं. जिथे खोटं बोललो तेही.

तो आधी विश्वास ठेवीना. मग उठून उभा राहिला. "मंग काल कसं वळखलं?" मी रुख्मिणीकडे बोट दाखवलं. तो भडकला. त्याला इतका भडकलेला मी पाहिला नव्हता. "मी नोकरी सोडून राह्यलो होतो, बाबा! तुमच्या नाकावर! आणि तुमाले नाकच नव्हतं! घरात लेकरू येऊन राह्यलं, आणि तुमी ओट्याच्या फरशीच्या गोष्टी सांगत होते?"

त्याने खिशातला कागद काढून चुलीत टाकायला हात पुढे केला, मग थांबला, घडी करून परत खिशात ठेवला आणि शाळेत गेला. संध्याकाळी आईला सांगितल्याचं ऐकलं, पुढचं वर्ष शाळेत राहतो म्हणून लिहून दिलं. माझ्याशी बोलला नाही.

२२ एप्रिल

आज मुनव्वर साहेबांना फोन केला. लोक काय म्हणतील ते म्हणोत, पण पावसाळ्यानंतर तो माणूस पुन्हा माझ्या नाकापुढे पेटी ठेवणार, आणि ते मला सोसणार नाही. सांगितलं. 

"फिर उस दिन नाक किसकी थी?"

"घरवाली की."

ते हसायला लागले. इतके हसले की खोकला आला. "तो अगली पेटी भाभीजान के नाम पे भेजता. एजन्सी की बात उन्हीं से करूँगा."

रुख्मिणीला सांगितलं तर म्हणाली, "मी नाही ओढत ते मढं." म्हटलं, ओढायची नाही, हुंगायची. "नाकाले पदर लावून बसन." म्हटलं, पदर लावून कसं हुंगशील? त्यावर मागच्या खोलीतून अमर हसला. पहिल्यांदाच. लगेच गप्प झाला, पण हसला हे मी ऐकलं.

२९ एप्रिल

आज बाजार. बयनाबाई आल्या, नव्या तंबाखूची चिमूट पुढे केली. "कशी हाय, सेठ?" मी म्हटलं, "बाई, मले वास येत नाही. माह्या नाकानं डिसेंबरपासून सुट्टी घेतली. तुमीच सांगा." त्यांनी चिमूट परत घेतली. मग स्वतः हुंगलं, आयुष्यात पहिल्यांदाच असावं इतकं लक्ष देऊन. म्हणाल्या, "जुनी हाय. पेंढ्याचा वास येते." मी ती बाजूला ठेवली. गर्दी थोडी कमी आहे, पण दुकानाला कुलूप लागलेलं नाही.

दुपारी जेवताना रुख्मिणीला विचारलं. इतके दिवस विचारायचं राहत होतं. "तुले केव्हा समजलं?"

ती म्हणाली, "तुमी गजऱ्याची तारीफ केली त्या दिवशी."

"ते तं मी चांगलं म्हटलं होतं."

"अबोलीले वास नसते हो."

मी घास हातात धरून बसलो. नाक होतं तेव्हाही मी तंबाखूपलीकडे काही हुंगलं नव्हतं, म्हणून मला हे ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षं ती माझ्यासमोर फुलं माळून वावरली आणि त्यातलं कुठलं वासाचं, कुठलं बिनवासाचं, मला पत्ता नाही. मला माझं नाक जाण्यापेक्षा याचं जास्त वाईट वाटलं.

जेवण अर्धवट टाकून बाहेर गेलो आणि चौकातून मोगऱ्याचा गजरा घेऊन आलो. फुलवालीला दोनदा विचारून घेतलं, वास येतो ना? ती मला खुळा समजली. गजरा रुख्मिणीला दिला. तिने नाकाशी धरून डोळे मिटले.

"कसा येऊन राह्यला?" मी विचारलं.

"आपल्या लग्नात माह्या केसात होता, तसाच."

मागच्या महिन्यातला मी असतो तर लगेच "हो हो, अगदी तसाच" म्हणून मान डोलावली असती.

"मले तो नाई आठवत," मी म्हटलं.

ती हसली, गजरा माळला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"मंग बसा. सांगते."